लहान करायला गेले, झाड मोठं झालं

पहिल्या हिवाळ्यात मी सफरचंदाचं झाड छाटलं आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच्यावर ११४ काठ्या उभ्या राहिल्या. त्यांना फांद्या म्हणवत नाही. करंगळीएवढ्या जाड, सरळसोट आभाळाकडे गेलेल्या, काही तर माझ्याहून उंच. फळ एकाही काठीला नाही. मोजल्या मी. राग आला की मी वस्तू मोजत बसते.

घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणातली झाडं आयती मिळाली होती. सफरचंदाची दोन, एक पेअर, एक प्लम, एक पीच, आणि भिंतीवर चढवलेली द्राक्षाची वेल. आधीच्या मंडळींनी कित्येक वर्षं त्यांना कात्री लावली नव्हती. मोठं सफरचंद छपराच्या वर गेलेलं. फळं धरायची ती शेंड्याला, जिथे पाखरांखेरीज कुणी पोचत नाही, आणि खालच्या फांद्या ऊन न मिळाल्याने खराट्यासारख्या वाळलेल्या. मला एवढंच हवं होतं की झाड लहान व्हावं, हाताशी यावं.

छाटणीबद्दल तेव्हा मला एकच गोष्ट ठाऊक होती: पानं गळली की करायची. पानं गळली. त्याच रविवारी शिडी लावली, करवत घेतली आणि संध्याकाळपर्यंत निम्मं झाड जमिनीवर आणलं. शेंडा सरसकट एका उंचीला उडवला, मेंदीचं कुंपण कापतात तसा. जाड फांद्या खोडाला अगदी चिकटून कापल्या. वरून हात फिरवला तर उंचवटा लागू नये इतक्या सपाट. नीटनेटकं काम करायची हौस! मग घरात उरलेल्या ऑइल पेंटचा डबा उघडला आणि प्रत्येक घावावर दोन हात दिले. करवत हातात होतीच, म्हणून प्लमवरही फिरवली. पाऊस भुरभुरायला लागला होता, पण काम उद्यावर टाकायचं नव्हतं.

शेजारचे काका कुंपणापलीकडून बघत होते. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस, अजूनही कानावर पेन्सिल असते. "झालं?" एवढंच म्हणाले. मला ते कौतुक वाटलं.

मग उन्हाळा आला आणि त्या ११४ काठ्या.

हे का झालं ते मला बऱ्याच वाचनानंतर उमगलं, आणि उमगल्यावर स्वतःचंच हसू आलं. झाड हिवाळ्यात झोपतं खरं, पण झोपण्याआधी घर आवरून ठेवतं. पानं गळायच्या आधी त्यांतलं नत्र आणि इतर कामाची द्रव्यं परत काढून घेतं. उन्हाळाभर केलेली साखर स्टार्चच्या रूपात मुळांत, खोडात, जाड फांद्यांत साठवून ठेवतं. वसंतातली पहिली पालवी फुटते ती या साठ्यावर. मी निम्मं झाड कापलं तेव्हा डोळे, म्हणजे फांदीवर जिथून नवी फूट निघते ते कोंब, निम्म्यावर आले, पण मुळांतली शिल्लक होती तेवढीच राहिली. दहा जणांचा शिधा पाच जणांत वाटला गेला. त्यात मी शेंडे उडवलेले. फांदीच्या टोकाचा डोळा ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार करतो. ते खाली उतरत राहतं आणि खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. टोकच गेलं म्हटल्यावर सासूबाई गावाला गेल्यासारखं झालं: घावाखालचे सगळे डोळे एकदम उठले, सालीखाली वर्षानुवर्षं दडून बसलेलेसुद्धा. आणि प्रत्येकाला शेंडाच व्हायचं होतं.

म्हणजे हिवाळ्यात जितकं जास्त कापावं तितक्या जोराने झाड उसळतं. ज्याला झाड वाढवायचं आहे, कोवळ्या रोपाचा सांगाडा बांधायचा आहे, त्याच्यासाठी हे वरदान आहे. ज्याला लहान करायचं आहे त्याने हे आधी समजून घ्यावं आणि मग करवत काढावी. मी उलटं केलं.

दुसऱ्या वर्षी पानं गळली तशी मी पुन्हा शिडीकडे बघायला लागले. यावेळी कुंपणापलीकडून हाक आली. "अगं, एवढ्यात नको. थंडी तरी सरू दे."

हिवाळ्याच्या तोंडाशी केलेला घाव अख्खा मोसम उघडा पडतो. झाड झोपेत, घाव भरायला नव्या पेशी नाहीत, आणि कडाक्याची थंडी घावाच्या कडेची साल मारत जाते. तोच घाव हिवाळ्याच्या शेवटी केला तर थोड्याच आठवड्यांत रस चढतो आणि कडा भरायला लागतात. कुठली फांदी थंडीने मेली तेही तोवर दिसून येतं. म्हणून कडाका ओसरल्यावर, पण डोळे फुगायच्या आधी. आता मी हिवाळा निम्मा सरला की रोज सकाळी एका ठरावीक फांदीच्या डोळ्यांवरून अंगठा फिरवते. खवले घट्ट आवळलेले असतील तर वेळ आहे. खवले सैल होऊन मधून फिकी रेघ दिसायला लागली की उरलेलं उरकून घ्यायचं.

मधेच चार दिवस ऊब आली तर झाड जागं होईल का, ही भीती मला असायची. सहसा होत नाही. सफरचंदाच्या बऱ्याच जातींच्या डोळ्यांना ७ अंश सेल्सिअसच्या खालचे साधारण ८०० ते १,२०० तास मिळाल्याशिवाय जाग येत नाही. तो हिशेब पुरा होईपर्यंत ऊन कितीही गोड पडो, डोळा मिटलेलाच. हिशेब पुरा झाला की मात्र झाड फक्त उबेची वाट बघत असतं, आणि मग तुमच्या सवडीसाठी थांबत नाही.

दिवस कोरडा हवा, हेही काकांनीच सांगितलं. लाकूड गोठलेलं असेल त्या दिवशी करवतीला हात लावायचा नाही. गोठलेली फांदी काचेसारखी तडकते.

शेवटी तो कोरडा दिवस आला तेव्हा काका जुन्या चादरीच्या फाडलेल्या पट्ट्या घेऊन आले. म्हणाले, "जी फांदी कापावीशी वाटते तिला पट्टी बांध. आज कापायचं काही नाही." मी ४१ पट्ट्या बांधल्या. झाड नवसाचं दिसायला लागलं. दुसऱ्या दिवशी वरच्या खिडकीतून पाहिलं, मग कुंपणाच्या बाजूने, मग बुंध्याशी उताणं पडून. उताणं पडण्याची युक्ती माझी स्वतःची, आणि ती मी अजून सोडलेली नाही. खालून पाहिलं की कुठली फांदी कुणाच्या अंगावर पडली आहे ते लख्ख कळतं.

मग काका म्हणाले, "आता पट्ट्या राहू देत. वाळलेलं, रोगट, मोडकं तेवढं काढ आधी." वाळलेली फांदी ओळखायला नखाने साल खरवडायची. खाली ओलसर हिरवं दिसलं तर जिवंत, कोरडं तपकिरी दिसलं तर गेलेली. एवढं काढल्यावर एकमेकींवर घासणाऱ्या जोड्या राहिल्या. दोन फांद्या वाऱ्यात घासल्या की दोघींची साल जाते आणि दोन्ही जखमांतून रोग शिरतो. त्यांतली एक ठेवायची, जिची दिशा बरी आहे ती. हे सगळं झाल्यावर झाडाकडे पाहिलं तर ४१ पैकी निम्म्याहून जास्त पट्ट्या फुकट बांधल्या होत्या. ऊन खोडापर्यंत पोचत होतं. उरलेल्यांपैकी काही मी स्वतःहून सोडल्या, काहींवर आमचा वाद झाला. एका हिवाळ्यात जिवंत फांदोऱ्याचा चौथा हिस्सा, त्यापलीकडे जायचं नाही, या नियमावर वाद मिटला. जुनं, माजलेलं झाड ताळ्यावर आणायला तीन हिवाळे तरी धरून चालायचं. पहिल्या वर्षी मी तिन्ही हिवाळ्यांचं काम एका रविवारात केलं होतं.

आता फांदी कुठे कापायची, याबद्दल. हे मला शब्दांत कधीच कळलं नसतं. काकांनी आपल्या कारखान्यातून एक जुनी फळी आणली. तिच्यात दोन गाठी होत्या. एक गाठ लाकडाशी एकजीव, नखाने दाबली तरी हलत नव्हती. दुसरीच्या जागी नुसतं भोक, गाठ निखळून पडलेली. "ही फांदी जिवंत होती तोवर खोड तिच्याभोवती वाढलं," एकजीव गाठीवर पेन्सिल टेकवून ते म्हणाले. "आणि ही? हिचा वाळका खुंट ठेवला कुणीतरी. खोड त्याच्याभोवती वाढत गेलं, पण त्याला धरेना. मेलेल्याला कोण धरतं?" म्हणून खुंट ठेवायचा नाही. खुंटाला पानं नसतात, तो मरतो, कुजतो, आणि घाव मिटायच्या आड येतो.

मग सपाट कापावं, तर तेही नाही. त्यांनी माझा हात धरून फांदीच्या बुडावरून फिरवला. फांदी जिथे खोडातून निघते तिथे खोडाची जराशी फुगीर कड असते, सदऱ्याच्या कॉलरसारखी. वरच्या बाजूला, फांदी आणि खोडाच्या बेचक्यात, सालीची खरखरीत काळपट रेघ उठलेली असते. त्या रेघेच्या बाहेरून सुरुवात करायची आणि खाली कॉलर जिथे संपते तिथे उतरायचं. कॉलर खोडाची असते, फांदीची नव्हे. ती कापली की जखम खोडाला होते. काही फांद्यांना कॉलर ठळक असते, काहींना बोटांनी शोधावी लागते. पेअरवर मला अजूनही डोळे मिटून शोधावी लागते.

फांदी जड असेल तर एका घावात कापायची नाही. हे मला आधीच शिकायला मिळालं होतं, पहिल्या रविवारी, फक्त तेव्हा मी शिकले नव्हते. वरून कापत गेले, फांदी अर्ध्यात स्वतःच्या वजनाने खाली बसली आणि जाताना खोडाची साल सोलून घेऊन गेली, कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढी पट्टी. तो आवाज अजून कानात आहे. तीन घाव घालायचे असतात. पहिला बुडापासून फूटभर अंतरावर, खालून वर, फांदीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. दुसरा त्याच्या जरा पलीकडे, वरून खाली. फांदी पडते आणि साल फाटली तरी खालच्या घावापाशी थांबते. मग उरलेला हलका खुंट कॉलरच्या बाहेरून सावकाश कापायचा, दुसऱ्या हाताने त्याला आधार देऊन.

त्याच दिवशी काकांनी माझा रंग पाहिला. घावावर तो वरून शाबूत दिसत होता, मधे एक फोड आलेली. त्यांनी नखाने ती फोड उचलली. खाली ओल होती, आणि ओलीखाली लाकूड ब्रेडसारखं मऊ. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी तिथे टेकवली आणि ढकलली. ती गेली. पेन्सिलचं टोक, मग निम्मी पेन्सिल, मग रबर लावलेल्या कडेपर्यंत. आम्ही दोघं काहीच बोललो नाही.

घावाला रंग लावायची चाल खूप जुनी आहे आणि अजून पुष्कळ जण लावतात, म्हणून याबद्दल थोडं सांगते. अॅलेक्स शायगो नावाचे अमेरिकेच्या वनखात्यातले संशोधक होते, १९३० ते २००६. त्यांनी चेनसॉने हजारो झाडं उभी चिरून आत काय घडतं ते पाहिलं. आपलं कातडं फाटलं तर त्या जागी नवं कातडं येतं. झाडाचं तसं होत नाही. जखमी झालेलं लाकूड पुन्हा कधीच नीट होत नाही. झाड त्याला चार बाजूंनी भिंती घालून कोंडतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. शायगोंनी हे १९७७ मध्ये मांडलं. भिंतींपैकी वर-खालची सगळ्यांत कच्ची, म्हणून कुजकं लाकूड खोडात उभं पसरतं. सगळ्यांत पक्की भिंत जखमेनंतर वाढलेल्या नव्या लाकडाची आणि आधीच्या लाकडाची, या दोघांच्या मधली. कॉलरच्या आत हे कोंडण्याचं काम जोमाने होतं, आणि मी नीटनेटकेपणाच्या नादात नेमकी ती कापून टाकली होती. वरून रंगाचं झाकण ठेवून ओल आत धरून ठेवली. बुरशीला याहून सुखाची जागा कुठली मिळणार? रंगाने कूज थांबत नाही. नीट घातलेला घाव उघडाच ठेवायचा.

घाव बरोबर पडला की नाही हे दोन वर्षांनी घावच सांगतो. कॉलरच्या बाहेरून कापलं असेल तर नव्या लाकडाची कडा चहूबाजूंनी सारखी येते, बांगडीसारखी. खोडाला चिकटून कापलं असेल तर ती फक्त डाव्या-उजव्या बाजूला येते, वर आणि खाली नाही, आणि घाव उभट डोळ्यासारखा दिसतो. माझ्या झाडावर असे सात डोळे आहेत. जाता-येता बघतात माझ्याकडे.

हत्यारांचं फार कौतुक करणार नाही. सिकेटर, म्हणजे छाटणीची हातकात्री, घेताना एक पातं दुसऱ्याच्या बाजूने सरकून जातं अशी घ्यावी. पाटावर सुरी आपटल्यासारखी दाबून कापणारी असते ती वाळक्या काटक्यांना ठीक, जिवंत काडी ती चेचते. बोटाहून जाड असेल तर लांब दांड्याची कात्री, त्याहून जाड असेल तर ओढताना कापणारी वाकडी करवत. कापताना मनगट पिळावं लागलं तर समजायचं की एकतर धार गेली आहे किंवा फांदी त्या हत्याराच्या आवाक्याबाहेरची आहे. पातं ७० टक्के अल्कोहोलच्या बोळ्याने पुसून घ्यायचं. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना न चुकता, आणि रोगट फांदी कापली असेल तर प्रत्येक घावानंतर. ब्लीचनेही चालतं, पण ते पात्याला गंज आणतं. मी एक सिकेटर अशी घालवली. शिडीवर असताना करवत खांद्याच्या वर न्यायची नाही, आणि फांदी विजेच्या तारेजवळ असेल तर ते काम आपलं नाही.

राहिल्या त्या काठ्या, वॉटरशूट. त्या सगळ्या हिवाळ्यात बुडातून कापल्या असत्या तर पुढच्या वर्षी त्यांच्या जागी आणखी काठ्या आल्या असत्या. हा हट्ट झाडाशी करून उपयोग नाही. त्या हिवाळ्यात मी साधारण तिसरा हिस्सा काढला, सगळ्यांत जाड आणि आत घुसलेल्या. उन्हाळ्यात नव्या फुटल्या त्या कोवळ्या असतानाच हाताने ओढून काढल्या. ओढताना बुडाचे दडलेले डोळेही बरेचसे निघून येतात, कात्रीने ते मागे राहतात. उन्हाळ्यात पान जातं म्हणजे झाडाची चालू कमाई जाते, त्यामुळे ते उसळत नाही. झाड लहान ठेवायचं असेल तर खरं काम उन्हाळ्यातलं, हिवाळ्यातलं नव्हे. सांगाडा मात्र हिवाळ्यातच दिसतो. दोन्हींची सांगड घालावी लागते.

आणि पाच-सहा काठ्या मी कापल्या नाहीत. जिथे फांदी हवी होती तिथल्या निवडून त्यांना पाण्याने भरलेल्या बाटल्या टांगल्या. काठी तिरकी झाली की तिचा उंच जायचा हव्यास कमी होतो आणि ती कळ्या धरायला लागते. एक मी पार आडवी केली होती. तिच्या पाठीवर पुन्हा काठ्यांची रांग उठली. तिरकी म्हणजे तिरकीच, घड्याळात दोन वाजता तास काटा असतो त्या आसपास. बाटल्यांवरून घरात बरीच थट्टा झाली. वाऱ्याच्या रात्री त्या एकमेकींवर वाजायच्या.

कळ्यांवरून आठवलं. पहिल्या वर्षी फळ का आलं नाही याचं दुसरं कारण मला तेव्हाच माझ्या पायाशी पडलेलं दिसायला हवं होतं. सफरचंदाला फळ बहुतेक जातींत धरतं ते आखूड, गाठाळ, सुरकुतलेल्या काटक्यांवर. त्यांना स्पर म्हणतात. त्या दोन वर्षं किंवा त्याहून जुन्या लाकडावर येतात आणि वर्षाकाठी जेमतेम पेरभर वाढतात. दिसायला अगदी टाकाऊ. मी झाड "साफ" करताना त्या खुडून खुडून काढल्या होत्या. शिवाय पुढच्या वसंतातल्या फुलांच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच बनून तयार असतात, म्हणजे हिवाळ्यात आपण कापतो ते पुढच्या हंगामाचं फळच असतं. आता मी काडी हातात घेऊन आधी डोळा बघते. फुलाचा डोळा टपोरा, वर मऊ लव. पानाचा डोळा बारीक, टोकदार, काडीला चिकटून झोपलेला. काडी आखूड करायची तर बाहेरच्या दिशेला बघणाऱ्या डोळ्याच्या वर, अर्धा सेंटिमीटर सोडून, किंचित तिरका काप. नवी फांदी त्या डोळ्याच्या तोंडाकडे जाते.

इतर झाडांनी मला वेगवेगळे धडे दिले. सगळ्यांत वाईट प्लमचा. पावसात कापलेला तो प्लम पुढच्या उन्हाळ्यात एका फांदीवर रुपेरी पानं घेऊन आला. आधी मला ते सुंदरच वाटलं! तो सिल्व्हर लीफ नावाचा रोग. बुरशी ताज्या घावातून लाकडात शिरते, तिचे बीजाणू ओल्या हवेत उडतात, आणि तिच्या विषाने पानाचा वरचा पापुद्रा सुटतो म्हणून पान चांदीसारखं चमकतं. फांदी कापली तर मधोमध तपकिरी डाग. डाग संपेपर्यंत आणि त्यापुढे वीतभर कापत जावं लागलं. प्लम, चेरी यांना म्हणूनच हिवाळ्यात हात लावायचा नाही. त्यांची छाटणी उन्हाळ्यात, कोरड्या दिवशी. पानगळ होते म्हणजे हिवाळ्यातच छाटायचं, हा सरसकट नियम नव्हे.

पीचच्या बाबतीत मी दुसऱ्या टोकाला गेले. सफरचंदाने हात पोळल्यावर दोन वर्षं पीचला शिवलेच नाही. पीच फक्त गेल्या वर्षीच्या, तांबूस नव्या काडीवर फळतो. एकदा फळलेली काडी पुन्हा फळत नाही. न कापता ठेवला की फळ दर वर्षी आणखी बाहेर, आणखी वर सरकतं आणि मधला भाग ओसाड पडतो. त्याला दर वर्षी जवळजवळ निम्म्यापर्यंत कापावं लागतं, तेही डोळे फुगायला लागल्यावर, म्हणजे शेवटची थंडी काय घेऊन गेली ते कळतं. सफरचंदाच्या शेजारीच उभा आहे तो. एकाला जे मारतं त्यावर दुसरा जगतो.

द्राक्षाच्या वेलीला मी उशीर केला. रस चढल्यावर कापली आणि प्रत्येक काडीच्या टोकातून थेंब ठिबकायला लागले, रात्रंदिवस. वेल रडते म्हणतात ते खोटं नाही. मी टोकांना चिंध्या बांधल्या, मेण लावलं, काही थांबेना. पानं फुटल्यावर आपोआप थांबलं आणि वेलीला काहीही झालं नाही. मेपल, बर्च, अक्रोड हेही असेच गळतात. घाबरायचं नाही, पण बघवत नसेल तर वेल भर हिवाळ्यातच उरकावी.

यंदाचा पाचवा हिवाळा. काकांचा खांदा दुखतो, त्यामुळे ते खुर्ची टाकून कुंपणापलीकडून सांगतात आणि मी शिडीवर असते. मोठ्या सफरचंदाची उंची छपराखाली आली आहे, उन्हाळ्यात नऊच वॉटरशूट आले. बाटल्या टांगलेल्या पाच काठ्यांपैकी तीन आता खऱ्या फांद्या झाल्या आहेत आणि त्यांच्यावर टपोरे, लवदार डोळे आहेत. फाटलेल्या सालीची पट्टी अजून भरायची आहे, दोन्ही कडा एकमेकींपासून बोटभर लांब.

परवा काम संपल्यावर काकांनी कानावरची पेन्सिल काढून कुंपणावरून माझ्याकडे दिली. रंग मी केव्हाच खरवडून काढला आहे. त्या जुन्या घावाच्या दोन्ही बाजूंनी नवं लाकूड ओठासारखं वळून आलंय, मधे काळी फट. पेन्सिल घातली. रबराच्या कडेपर्यंत गेली आणि अडली, पहिल्या वेळी जिथे अडली होती तिथेच.

"किती?" काकांनी विचारलं.

"तेवढीच."

"बरं," म्हणाले, आणि पेन्सिल परत मागून घेतली.